दोन काउंटर, एक फाईल: माझाच सल्ला मी मागे घेतोय



ज्यांनी आपल्या चॅनलवरचा 'दोन काउंटर, एकच फाईल, खर्च शून्य' हा व्हिडिओ बघितला असेल, त्यांना आधी एक सांगतो. तो व्हिडिओ मी काढून टाकलाय. त्यात मी सांगितलं होतं की उधारीची आणि स्टॉकची एक्सेल फाईल शेअर फोल्डरमध्ये ठेवा, दोन्ही काउंटरवरून उघडा, झालं तुमचं मल्टी-युजर सॉफ्टवेअर तयार. गोडाऊन लांब असेल तर कुठलंही सिंक ॲप टाका, म्हणजे फाईल आपोआप तिकडेही जाईल. मी स्वतः दुकानात तेच करत होतो, म्हणून ठामपणे सांगितलं होतं.

सल्ला चुकीचा होता. का चुकीचा होता ते आज नीट सांगतो, कारण "व्हिडिओ काढला, सॉरी" एवढ्यावर भागत नाही. ज्यांनी तशी सोय करून ठेवलीय त्यांची सोय आजही चालू आहे, आणि बहुतेकांना ती व्यवस्थित चाललीय असंच वाटतंय. मलाही तसंच वाटत होतं.

माझं सावेडीत इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगच्या मालाचं दुकान आहे. दुकानात एक काउंटर वडिलांचा, एक माझा, आणि गोडाऊन मागच्या गल्लीत, तिथे एक मुलगा कॉम्प्युटरवर बसतो. आमच्या धंद्यात निम्मा माल मिस्त्री लोक उधारीवर नेतात. साईटवर पैसे निघाले की आणून देतात. कुणी शनिवारी देतो, कुणी महिन्याने. हे सगळं त्या एका एक्सेल फाईलमध्ये होतं.

एका सोमवारी सकाळी आमचे एक जुने प्लंबर मिस्त्री आले. त्यांच्यासोबत त्यांची पार्टी होती, म्हणजे ज्यांचा बंगला चालू होता ते साहेब. सीपीव्हीसी पाईप आणि फिटिंगची मोठी यादी होती. मी माल काढायला सांगितलं, फाईल उघडली आणि सहज म्हणालो, "मिस्त्री, मागचे साडेचौदा हजार बाकी दिसतायत."

ते म्हणाले, "शनिवारी दिले ना भाऊ. तुमच्या वडिलांच्या हातात दिले."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बाकी १४,५००. शनिवारची जमा काहीच नाही. पार्टी बघतेय. मिस्त्रींचा चेहरा उतरला. वडील आतून बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, दिलेत त्यांनी. मी स्वतः लिहिलंय." मी म्हणालो, लिहिलंय तर कुठंय?

वडिलांनी खरंच लिहिलं होतं. संध्याकाळी शोधल्यावर सिंक फोल्डरच्या तळाशी त्याच फाईलची दुसरी प्रत सापडली, नावात वडिलांच्या कॉम्प्युटरचं नाव आणि तारीख घातलेली. तिच्यात शनिवारची जमा होती. झालं असं होतं की गोडाऊनमधल्या मुलाने दुपारपासून फाईल उघडी ठेवली होती. संध्याकाळी वडिलांनी त्यांच्या काउंटरवर जमा लिहून सेव्ह केलं. रात्री गोडाऊन बंद करताना मुलाने दुपारचीच फाईल, त्याच्या दोन नोंदींसकट, सेव्ह केली. ॲपला दोन वेगळ्या फाईली मिळाल्या. त्याने एक मुख्य धरली, दुसरीला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवलं. कुणाला काही विचारलं नाही. मग मी सगळा फोल्डर खंगाळला, तर तीन महिन्यांत अशा ११ प्रती निघाल्या. प्रत्येकीत कुणाची तरी जमा, कुणाचा तरी माल.

ॲपची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्याने एकही अक्षर फेकून दिलं नाही, दोन्ही प्रती जपल्या. त्याचं काम प्रती पोचवण्याचं, कोण लिहितोय आणि कुणी थांबायचं हे ठरवण्याचं नाही. ते ठरवायचं काम मी कुणालाच दिलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येऊ. हे ठरवण्याच्या कामाला कॉम्प्युटरवाले 'फाईल लॉकिंग' म्हणतात. आपण साधं कुलूप म्हणू.

कुलूप कशाला लागतं? समजा स्टॉकमध्ये ४० एमसीबी आहेत. वडिलांनी फाईल उघडली, ४० दिसले. मी माझ्याकडे उघडली, मलाही ४० दिसले. त्यांनी ५ विकले, ३५ लिहून सेव्ह केलं. मी २ विकले, ३८ लिहून सेव्ह केलं. फाईलमध्ये राहिले ३८, रॅकवर आहेत ३३. दोघांनीही काही चुकीचं केलं नाही, गणित दोघांचं बरोबर. तरी वडिलांची नोंद पुसली गेली. हे टाळायचं तर मी वाचायच्या आधी कुणीतरी मला थांबवायला पाहिजे: "थांब, ते लिहितायत, त्यांचं झालं की तुला देतो."

साखर कारखान्याच्या काट्यावर बघा. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला ही रांग पाठ आहे. काट्यावर एका वेळी एकच वाहन. ते उतरल्याशिवाय दुसरं चढत नाही, मग बाहेर कितीही ट्रॅक्टर उभे असोत. कारण दोन वाहनं एकदम चढली तर येणारा आकडा कुणाचाच नसतो.

एकाच कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम एका फाईलवर आले तर हे काम सोपं असतं. विंडोज असो नाहीतर लिनक्स, त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम दोघांनाही बघत असते. एकाला कुलूप दिलं, दुसऱ्याला थांबवलं. पहिला प्रोग्राम बंद पडला तर तेही तिला लगेच कळतं, आणि ती कुलूप काढून घेते.

फाईल नेटवर्कवर गेली की गोष्ट बदलते. आता फाईल एका मशीनवर आणि लिहिणारे दुसऱ्या दोन मशीनवर. मधे वायर, नाहीतर वायफाय. समजा माझ्या काउंटरने सर्व्हरकडून कुलूप घेतलं आणि तेवढ्यात लाईट गेली. सर्व्हरला काय कळणार? माझा कॉम्प्युटर मेला, की वायफाय तुटलंय, की मी ग्राहकाशी बोलत बसलोय? सर्व्हरच्या बाजूने तिन्ही सारखंच दिसतं: समोरून आवाज नाही. कुलूप काढून दुसऱ्याला दिलं आणि मी जिवंत निघालो, तर दोघंही लिहिणार. नाही काढलं आणि मी मेलेलो असलो, तर दुसरा जन्मभर थांबणार.

या प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्यांनी कितीतरी वर्षं घालवलीत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस नावाची पद्धत आणली, ज्याने एका मशीनवरच्या फाईली दुसऱ्या मशीनवर आपल्याच असल्यासारख्या दिसतात. तिचा सर्व्हर मुद्दाम विसराळू ठेवला होता. कुणी काय उघडलंय ते तो लक्षात ठेवत नसे. फायदा असा की सर्व्हर बंद पडून परत चालू झाला तरी कुणाचं अडत नसे. पण कुलूप म्हणजे तर लक्षात ठेवायचीच गोष्ट! म्हणून कुलपांसाठी बाजूला वेगळी यंत्रणा जोडावी लागली. ती जोड कायम कुरकुरत राहिली. कुलूप घेतलेलं मशीन मेलं आणि परत आलंच नाही, तर ते कुलूप सर्व्हरवर तसंच लटकून राहायचं. लोक मग वैतागून कुलपाची यंत्रणाच बंद करून फोल्डर जोडायचे. तशी सोय एनएफएसमध्ये आहे. ती वापरली की प्रत्येक मशीन स्वतःपुरतं कुलूप लावतं आणि शेजारच्याला त्याचा पत्ताच नसतो. लिनक्समध्ये कुलूप मागायची एक नेहमीची पद्धत तर २.६.१२ या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, एनएफएसवर फक्त आपल्याच मशीनपुरती चालायची. प्रोग्रामला उत्तर मिळायचं "हो, कुलूप दिलं", आणि ते खरंही असायचं, फक्त त्याच्या स्वतःच्या घरात.

मला यातलं हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. कुलूप मिळालं नाही, असं सांगितलं तर माणूस थांबतो. मिळालं असं सांगितलं आणि ते नुसतं नावाला असलं, तर माणूस बिनधास्त लिहितो.

पुढे एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत, जिचं सुधारित रूप २००३ मध्ये आलं, कुलूप मूळ पद्धतीतच घेतलं आणि त्याला मुदत लावली. ही कल्पना आपल्याला नवी नाही. मंगल कार्यालयाची तारीख कशी धरतात? टोकन देऊन. चार दिवसांत ॲडव्हान्स आणून दिला नाही तर तारीख सुटते, मालक दुसऱ्याला देतो. इथेही तसंच. ज्याच्याकडे कुलूप आहे त्याने ठराविक वेळात सर्व्हरला "मी आहे" असं कळवत राहायचं. नाही कळवलं तर कुलूप सुटलं. आणि सर्व्हर स्वतः बंद पडून उठला तर काय? समजा कार्यालयाच्या मालकाची वही जळाली. शहाणा मालक आठ दिवस नवीन बुकिंग घेणारच नाही. आधी जुन्या टोकनवाल्यांना म्हणेल, या, पावती दाखवा, तुमची तारीख पक्की करतो. नवीन सर्व्हर हेच करतात, फक्त आठ दिवसांच्या जागी मिनिट-दीड मिनिट.

आणि अजून एक गाठ. टोकनवाला महिन्याने उगवला, जुनी पावती घेऊन, आणि थेट मांडववाल्याला घेऊन आत शिरला तर? मुदत संपलीय हे त्याला माहीतच नाही. लॅपटॉपचं झाकण मिटून तासाभराने उघडलं की नेमकं असंच होतं. त्याच्या मते तो अजून कुलपाचा मालक आहे. म्हणून दारात जुनी पावती ओळखून "ही चालणार नाही" म्हणणारा कुणीतरी लागतो. कुलूप देणं हे अर्धंच काम. जुन्या कुलपावर आलेलं लिखाण परत पाठवणं हे उरलेलं अर्धं.

आपल्या दुकानांत मात्र एनएफएस फारसं नसतं. आपण विंडोजमध्ये फोल्डरवर राईट क्लिक करून 'शेअर' करतो तेव्हा एसएमबी चालतं. त्याचं मूळ १९८३ च्या सुमाराला आयबीएममध्ये आहे, नंतर मायक्रोसॉफ्टने ते वाढवलं. कुलपाच्या बाबतीत ते बरंच कडक आहे. दोन विंडोज मशीन, मधे चांगली केबल, तर बहुतेक वेळा नीट चालतं. पण वेग वाढवण्यासाठी त्यात एक युक्ती आहे. फाईल एकट्यानेच उघडलेली असेल तर सर्व्हर त्या काउंटरला सांगतो, "तू एकटाच आहेस, बदल तुझ्याकडेच साठव, मला सारखं विचारू नको." दुसरा कुणी आला की सर्व्हर पहिल्याला हाक मारतो, "साठवलेलं सगळं आण, आता एकटा नाहीस." केबल चांगली असेल तर ही हाक लगेच पोचते. आपल्याकडे रॅकच्या मागे टाकलेलं वायफाय, मधे लोखंडी शटर, वर इन्व्हर्टरचा झटका. हाक पोचली नाही तर काउंटरकडे साठवलेलं काउंटरकडेच राहतं.

आता शिंगणापूरची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय कुलपांचा एक प्रकार समजत नाही. नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर तुम्हाला ठाऊक आहेच. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत, कुलपं नाहीत. शनिदेव राखतात ही श्रद्धा, आणि गावातला प्रत्येक माणूस ती पाळतो म्हणून ते पिढ्यानपिढ्या चालत आलं. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली, तर तिची देशभर बातमी झाली, बिनकुलपाची बँक म्हणून. पण बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ती समज असतेच असं नाही. २०१० मध्ये एका भाविकाच्या गाडीतून पैसे आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली होती.

लिनक्सची नेहमीची कुलपं याच जातीची असतात. ती कुणाला अडवत नाहीत. लिहायच्या आधी "कुलूप आहे का?" असं जो विचारतो, तोच थांबतो. जो विचारत नाही तो सरळ आत जातो आणि त्याला कुणी हटकत नाही. विंडोजचं कुलूप त्या मानाने खरोखर अडवतं. आता तुम्ही बाजारातून स्वस्तातला नेटवर्क स्टोरेजचा डबा आणता, आत बहुतेक वेळा लिनक्स असतं. काउंटरवरून विंडोज कुलूप मागतं, डबा ते पाळतो. आणि रात्री त्याच डब्यातला बॅकअप प्रोग्राम कुणाला न विचारता अर्धवट लिहिलेली फाईल उचलतो. सकाळी बॅकअप आहे असं तुम्हाला वाटतं.

मग एक्सेलचं काय? एक्सेलची स्वतःची एक सोय आहे. तुम्ही फाईल उघडली की त्याच फोल्डरमध्ये '~$' ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाईल तयार होते, तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. दुसऱ्याने उघडायला घेतलं की त्याला कळतं, फाईल अमुकने उघडलीय, तुम्हाला फक्त वाचता येईल. शेअर फोल्डरवर ही सोय चालते. पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना पोरगा काय करतो? 'रीड ओन्ली' दाबतो, लिहितो, आणि सेव्ह होत नाही म्हटल्यावर 'उधारी नवीन २' नावाने सेव्ह करतो. कुलूप बरोबर होतं, माणसाला कामच करता आलं नाही म्हणून तो खिडकीतून शिरला. त्याला दोष देऊ नका. अख्खी खतावणी एका माणसाच्या हातात अडकवून ठेवणारी व्यवस्था आपणच केलेली असते. खरं तर एका मिस्त्रीच्या खात्याला कुलूप पुरतं, बाकीची खाती मोकळी पाहिजेत.

सिंक ॲपमध्ये तर तेवढंही नाही. तिथे एक फाईल नसतेच, प्रत्येक मशीनवर आपापली प्रत असते आणि ॲप मागाहून जुळवत बसतं. फाईल इकडे उघडली हे तिकडे कळेपर्यंत दोघांचं लिहून झालेलं असतं. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकलेली एक्सेल फाईल आणि गूगल शीट यांत लोक गल्लत करतात, म्हणून सांगतो. गूगल शीटमध्ये फाईल तुमच्याकडे नसतेच. तुम्ही एक खाना बदलला की तो बदल तिकडच्या सर्व्हरकडे जातो, आणि कुणाचा आधी, कुणाचा नंतर हे तिथे एकाच ठिकाणी ठरतं. दिसायला दोन्ही 'ऑनलाईन एक्सेल'. आतून जमीन-अस्मानाचा फरक.

तर माझं मत असं झालंय. धंद्याची फाईल दोन माणसांनी नेटवर्कवरून थेट लिहायची, ही पद्धतच बंद करा. फाईलला हात लावणारा एकच प्रोग्राम पाहिजे, आणि तो फाईल जिथे आहे त्याच मशीनवर बसलेला पाहिजे. बाकीच्या काउंटरने त्याला विनंती करायची: "या खात्यात १४,५०० जमा कर." तो एकेकाचं ऐकून घेईल आणि लिहील. म्हणजे कुलूप परत एकाच मशीनच्या आत आलं, जिथे ते सोपं असतं. डेटाबेस सर्व्हर म्हणतात तो हाच.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आहे, तुमच्या मोबाईलमध्ये आत्ताही तो असतो, आणि कितीतरी छोट्या सॉफ्टवेअरमध्ये आत तोच बसलेला असतो. तो बनवणारेच त्यांच्या माहितीपत्रात सांगतात की अनेक मशीनवरून एकच फाईल नेटवर्कवर वापरायची असेल तर आमचा डेटाबेस घेऊ नका, कारण बऱ्याच नेटवर्क फाईल सिस्टिममध्ये कुलपाचा भाग सदोष असतो. टॅलीवाल्यांकडे बघा. टॅलीप्राइमचं सिल्व्हर एका युजरसाठी, गोल्ड लॅनवर अनेक युजरसाठी, आणि त्याच्या वर टॅलीप्राइम सर्व्हर म्हणून वेगळी वस्तू विकली जाते, जिच्यात डेटाला हात लावायचं काम सर्व्हरकडे जातं. नुसत्या शेअर फोल्डरने सगळं भागलं असतं तर ही तिसरी वस्तू कुणी घेतली नसती.

"सर, सर्व्हरला पैसे लागतात." लागतात, पण तुम्हाला वाटतात तेवढे नाहीत. दुकानातलाच एक बरा कॉम्प्युटर सर्व्हर होतो. त्याला यूपीएस पाहिजे, काउंटरपर्यंत केबल पाहिजे, आणि दिवसभर तो बंद करायचा नाही एवढा नियम पाहिजे. कुणी त्याच्यावर गाणी लावायची नाहीत. आणि ज्याला आज तेही शक्य नाही, त्याच्यासाठी एक रस्ता आहे, जो मला स्वतःला जास्त आवडतो: कुलूप लागणारच नाही असं काम मांडा.

आपल्या आजोबांच्या वेळी दुकानात दोन विक्रेते असले तर दोघांकडे एकच बिलबुक नसायचं. ज्याचं त्याचं बिलबुक, रात्री दोन्ही समोर घेऊन एक माणूस रोजमेळात उतरवायचा. ईमेलवाल्यांनी नेमकं हेच केलं. पूर्वी एका माणसाच्या सगळ्या मेल एकाच लांब फाईलमध्ये साठायच्या, ती फाईल नेटवर्कवर असली की कुलपाचा घोळ व्हायचा आणि मेल खराब व्हायच्या. डॅनियल बर्नस्टाईन या प्रोग्रामरने १९९० च्या दशकात मेलडिर नावाची पद्धत काढली: प्रत्येक मेलची वेगळी फाईल, प्रत्येकीचं नाव वेगळं. दोघं एका फाईलवर येतच नाहीत, मग कुलूप कशाला?

जीएसटीच्या नियमातही याला जागा आहे. नियम ४६ प्रमाणे बिल नंबर क्रमाने पाहिजे, १६ अक्षरांच्या आत पाहिजे, आर्थिक वर्षात दुबार येता कामा नये. पण मालिका एकच पाहिजे असं नाही, एकापेक्षा जास्त मालिका चालतात. म्हणजे वडिलांच्या काउंटरला 'अ', माझ्या काउंटरला 'ब', गोडाऊनला 'ग'. तीन काउंटर एकाच नंबरसाठी भांडत बसले आणि कुलूप फसलं तर दोन गिऱ्हाइकांना एकाच नंबरचं बिल जाईल, आणि ते तुम्हाला रिटर्न भरताना कळेल. तुमच्या सीएला एकदा विचारून मालिका पाडून घ्या.

सध्या माझ्याकडे दोन्ही आहे. उधारी सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलांच्या मालिका वेगळ्या. एकट्या माणसाचं दुकान असेल, एकच कॉम्प्युटर असेल, तर यातलं काहीही करू नका. तुमची एक्सेल उत्तम आहे. सिंक ॲपही बॅकअपसाठी छान आहे, एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी फक्त बघायचं असेल तर.

बिलिंग सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं तर 'मल्टी-युजर आहे का' एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, काउंटर थेट डेटा फाईल उघडतो की सर्व्हरकडे मागतो? उत्तर गोलमाल आलं तर डेमोच्या दिवशी दोन कॉम्प्युटर जोडायला लावा आणि हे करून बघा. दोन्हीकडे एकाच मिस्त्रीचं खातं उघडा, दोन्हीकडे वेगळी जमा लिहा, दोन्हीकडे सेव्ह करा. दोन्ही जमा राहिल्या पाहिजेत, नाहीतर दुसऱ्याला स्पष्ट अडवलं पाहिजे. मग एका काउंटरवर खातं दुरुस्तीला अर्धवट उघडा आणि त्याची नेटवर्कची केबल उपटा. दुसऱ्या काउंटरवर तेच खातं किती वेळाने मोकळं होतं ते घड्याळ लावून बघा. मोकळं झालं की तिथे एक नोंद करा. आता पहिल्याची केबल परत लावा आणि त्याच्यावर सेव्ह दाबा. त्याने "हे खातं मधे बदललंय, परत उघडा" अशा अर्थाचं काहीतरी बोललं पाहिजे. गपचूप सेव्ह झालं तर चहा पाजून निरोप द्या. विक्रेता म्हणेल, असं कधी होत नाही सर, केबल कोण उपटतं? आपल्याकडे पावसाळ्यात केबल उपटायला माणूस लागत नाही.

मिस्त्री अजून आमच्याकडेच येतात. त्या दिवशी मी पार्टीसमोर माफी मागितली, संध्याकाळी वडील त्यांच्या घरी जाऊन आले. पण आता पैसे दिले की ते खिशातून छोटी डायरी काढतात, रक्कम लिहितात आणि माझ्यासमोर धरतात. मी सही करतो.